दाराच्या आतली गोष्ट

ही गोष्ट रचलेली नाही. रचली असती, तर शेवट वेगळा केला असता.

गेल्या श्रावणात, ताम्हिणीत, हैबतरावांना जाऊन तिसराच दिवस होता. तिन्हीसांजेला घरात त्यांची मुलगी शुभांगी होती आणि सोबतीला शेजारच्या म्हाताऱ्या धोंडाबाई.

बाबांनी जिथे प्राण सोडला, तिथे पीठ पसरून दिवा ठेवला होता. वर टोपली पालथी. गेलेल्याचं पाऊल पिठात उमटतं म्हणतात.

बाहेर धुकं, पाऊस...

टक्... टक्...

मागचं दार!

शुभांगीला बाबांची गोष्ट आठवली. लहानपणी शंभरदा ऐकलेली. अशाच पावसात कुणीतरी हाक मारली होती, "दादा, दार उघड." बाबांनी फटीतून पाहिलं, तर पाय उलटे! हडळ! हडळ घरच्याच माणसाचा आवाज काढते, असं ते सांगायचे. शुभांगी त्यांना घट्ट बिलगायची.

ती उठली. धोंडाबाईंनी हात धरला.

"बस खाली. अनसा आसंल."

"कोण अनसा?"

"तुजी आत्या. सासरचा मार खाऊन घाटानं चालत आली व्हती. तुज्या बानं दार उघडलं न्हाई. लोक काय म्हन्तील, म्हनं. सकाळी वढ्यात घावली."

"पण ते उलटे पाय..."

"दाराला पाठ लावून बसला व्हता त्यो, त्यानंच मागनं मला सांगितलं. पाय कवा बघितलं त्यानं? म्या बघितलं, माज्या खिडकीतनं. सरळ व्हतं. रगतानं भरल्यालं."

"मग तुम्ही का नाही घेतलंत तिला?"

धोंडाबाईंनी धरलेला हात सोडला.

आजवर तिने ती गोष्ट अडसराच्या आतूनच ऐकली होती. बाबांच्या कुशीतून. बाहेर कुणी भिजत उभं असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

तिने अडसर काढला. "आत्या, आत ये."

कुणीच नव्हतं.

ती वळली, आणि...

टोपली तशीच पालथी होती. पण दिव्यापासून दारापर्यंत पिठाची पावलं गेली होती. पुसट होत होत, उंबऱ्याबाहेर.

डाव्या पायाला करंगळी नव्हती. बाबांच्याही नव्हती.

बोटं दिव्याकडे होती.

टाचा दाराकडे.

तिने दार लावून घेतलं. अडसर घातला.

टक्... टक्...

"शुभे... दार उघड, बाळा. लई भिजलोय."

शुभांगी दाराला पाठ लावून खाली बसली. उजाडेपर्यंत.

ते बाबा नव्हतेच, असं ती आजही सांगते.

पण फटीतून तिने पाहिलंच नव्हतं.