उगारलेला हात

बा वारला. बारावं आटोपलं आणि मी आईला आणायला उमरठला निघालो.

साठ-एकसष्टचं साल असेल. बाच्या माराला कंटाळून आई मावशीकडं निघून गेली, तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. "तिकडं गेलास तर तंगडं मोडीन," असा बाचा दम होता. आता अडवणारं कुणी नव्हतं. बाराव्याला आलेली माणसं म्हणत होती, "दत्ताराम हुबेहूब बापावर गेलाय." मला ते शिवीसारखं लागलं.

भादव्याचा पाऊस झिमझिमत होता, म्हणून खुंटीवरची बाची घोंगडी डोक्यावर घेतली. पोलादपूर मागं पडलं, तसं धुकं दाटत गेलं. पुढची वाट दिसेना. नुसता ओढ्याचा आवाज, आणि घोंगडीतून येणारा बाच्या तंबाखूचा, घामाचा उबट वास. मधेच जाणवलं, मी उजवा पाय ओढत चालतोय. बा तसा चालायचा. माझ्या पायाला तर काहीच झालेलं नव्हतं...

दुपारी पोचलो. ठमामावशी शेतावर गेली होती. आई एकटीच चुलीपुढं बसलेली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. माझं पाऊल वाजलं तशी ती भिंतीला चिकटली.

"मी नाय येनार," ती पुटपुटली. "आता तरी सोडा मला..."

"आई, मी दत्ताराम. बा गेला गो."

"गेला? मंग दारात कोन हाय?"

मी घोंगडी भिरकावली आणि तिचा हात माझ्या गालावर ठेवला. तिची बोटं चाचपडत फिरली. कपाळ, नाक, जबडा. मग पोळल्यासारखा तिनं हात मागं घेतला.

"मिशी काढलीत," ती म्हणाली, "पन तुमीच हायसा..."

जिच्यासाठी मी इतकी वर्षं झुरलो, ती मला ओळखीना.

"ऊठ! मुकाट्यानं चल!"

आवाज घुमला आणि मीच दचकलो. तो माझा नव्हता. आई दोन्ही हात डोक्यावर घेऊन कोपऱ्यात गोळा झाली होती, आणि माझा उजवा हात तिच्यावर उगारलेला होता.

मी मारलं नाही. देवाशपथ सांगतो, हात तसाच खाली घेतला. घोंगडी तिथंच टाकून माघारी वळलो. वाटभर रडलो. मरूनही बानं मला आई मिळू दिली नाही. जमीन ना जुमला, स्वतःलाच तेवढं माझ्या हाडांत ठेवून गेला.

दिवेलागणीला घरी आलो. माझी बायको मैना ओटीवर कंदिलाची काच पुसत होती. मला बघताच खांबाआड सरकली. तिचा गाल सुजून काळानिळा झाला होता.

"कुनी मारलं?"

"आता काय इचारता? दुपारी तुमीच आलात, नि..."

"मी उमरठात होतो गो!"

ती खाली बघत हळूच म्हणाली, "मारलंत ते मारलंत... पन मला रंगू का म्हनालात?"

लग्नात बानं आईचं ठेवलेलं नाव ते. आई गेली त्या दिवसापासून आमच्या घरात ते कुणी उच्चारलं नव्हतं. मैनाला मी ते कधी सांगितलंच नव्हतं.