भिंतीला कोणी सांगितलं?

कृत्तिकाच्या डाव्या गुडघ्यामागे एक पांढरा डाग उठला होता. जेमतेम चिंचोक्याएवढा. साऱ्या जगात ही गोष्ट दोघींनाच ठाऊक होती. एक ती स्वतः आणि दुसरी तिची जिवाभावाची मैत्रीण अल्फिया. कोणालाही सांगणार नाही, अशी शपथच अल्फियाने घेतली होती.

ही गोष्ट २०४३ सालची. तेव्हा नारायणगावातल्या घराघरांत स्वयंपाकघराची एक भिंत म्हणजेच संगणकाचा पडदा असायचा. एका दुपारी घरात कोणी नसताना कृत्तिकाने भिंतीवर पांढऱ्या डागांची माहिती शोधली, दोन पानं वाचली आणि पाहिलेल्या पानांची यादी पुसून टाकली. एकदा नाही, चांगली तीनदा! कृत्तिकाच्या, म्हणजे वाजग्यांच्या, घरात तसा शिरस्ताच होता. आपला पसारा आपण आवरायचा, ताटाचा आणि भिंतीचाही, अशी आजोबांची, म्हणजे आबांची, शिस्त. पुसलं म्हणजे संपलं, असं कृत्तिकाला वाटलं आणि इथेच बाईसाहेब फसल्या.

रविवारी आत्या आली. आईने अळूवड्यांची कृती भिंतीवर उघडली, तर बेसनाच्या प्रमाणाशेजारीच ठसठशीत अक्षरं झळकली : 'पांढरे डाग? आजच आमचा लेप लावा!'

"अगोबाई! आपल्या घरात कोणाला डाग उठले गं?" आत्या हसत म्हणाली.

कृत्तिकाने घाईघाईने ते पान मिटवलं. भिंतीवरचं तर पुसलं होतं. मग उरलं कोण? अल्फिया! अल्फियाच्या अब्बूंचं, म्हणजे शकीलचाचांचं, चौकात औषधांचं दुकान होतं. आबांच्या गोळ्या आल्या की ते भिंतीवर निरोप धाडत. म्हणजे अल्फियाने शपथ मोडून चाचांना सांगितलं आणि चाचांनी लेप खपवायला जाहिरात पाठवली! कृत्तिकाने तर्क बांधला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांदेखत अल्फियाला 'चुगलखोर' म्हटलं.

अल्फियाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. शनिवार उजाडला तरी ती तिकडेच बसत होती. कृत्तिकाला डबा गोड लागेना.

आबांच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. कृत्तिकाच्या या आजोबांची उभी हयात खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर (आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारं यंत्र) गेली होती. नातीचं नावही त्यांनी नक्षत्रावरूनच ठेवलेलं. त्यांनी हळूहळू सगळं काढून घेतलं. डागही पाहिला.

"हे आईला सांगायचं, डॉक्टरांना दाखवायचं. यात लाजण्यासारखं काही नाही," आबा म्हणाले. "पण तू शकीलला पकडलंस ते कशावरून? चोर बघितलास का?"

"नाही..."

"मग चल, बघू."

त्यांनी माळ्यावरून कंदिलाएवढं एक यंत्र काढलं. त्यांनीच बनवलेला तो जाळदिवा. भिंतीतून बाहेर जाणारी प्रत्येक हाक तो उजेडाच्या धाग्याने दाखवायचा आणि ती कुठे पोचते, ते छतावरच्या जगाच्या नकाशात उमटवायचा. आबांनी खिडक्यांचे पडदे ओढले. "हं, उघड अळूवड्या."

कृत्तिकाने हात हलवला. भिंतीतून एक पांढरा धागा निघाला आणि पुण्याच्या ठिपक्याला टेकला. पान उघडलं. आणि दुसऱ्याच क्षणी त्या पानातून धाग्यांचं कारंजं उसळलं! निळे, जांभळे, हिरवे, नारिंगी. कोणी सिंगापूरला, कोणी आयर्लंडला, कोणी समुद्र ओलांडून पार अमेरिकेला. गेले आणि पापणी लवायच्या आत परतलेही. अख्खं स्वयंपाकघर उजळून निघालं.

कृत्तिकाचा आ वासलेलाच राहिला. "आबा, किती आहेत हे?"

"त्रेचाळीस."

"पण मी तर एकच पान उघडलं!"

"पान एकाचं असतं गं, पण त्यातल्या जाहिराती, चित्रं असं पुष्कळ काही दुसऱ्यांच्या घरून येतं. ते आणायला आपला ब्राउझर (पानं आणून मांडणारं सॉफ्टवेअर) त्या प्रत्येकाला हाक मारतो. आता ते डागांचं पान उघड."

तिने घाबरतच उघडलं. पुन्हा कारंजं. या वेळी पांढरा धागा दिल्लीला गेला होता, पण बाकीच्या गर्दीत तिला काहीतरी ओळखीचं दिसलं.

"तो नारिंगी! आबा, तो मघाचाच! दोन्ही पानांतून एकाच ठिकाणी जातोय. आणि त्याच्यावर मणी आहे!"

"शाब्बास! सापडला चोर," आबांनी मांडीवर थाप मारली. "तो मणी म्हणजे कुकी (संकेतस्थळाने आपल्या यंत्रात ठेवलेली खुणेची चिठ्ठी). देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो ना? त्यावर नाव नसतं, नुसता नंबर. तो दाखवला की आपल्याच चपला परत मिळतात. अळूवड्यांच्या पानाने स्वतःचा बिल्ला दिला, तर त्याच्या लक्षात राहतं, की या घरात अक्षरं मोठी लागतात. ते सोयीचं. पण हा नारिंगी बुवा पानाचा मालक नाही. त्याने हजारो पानांत भाड्याने कोपरा घेतलाय. डागांच्या पानावर त्याने तुला बिल्ला दिला, समज ७७१९. अळूवड्यांच्या पानावर तोच बिल्ला दिसला. लगेच त्याच्या नोंदींत भर पडली : ७७१९ ने डागांबद्दल वाचलं, आता अळूवड्या बघतोय, दाखवा लेप! अशा परक्याच्या बिल्ल्याला त्रयस्थ कुकी (पानाचा मालक सोडून तिसऱ्यानेच ठेवलेली चिठ्ठी) म्हणतात."

"पण मी सगळं पुसलं होतं ना!"

"तू पुसलीस ती पानांची यादी. बिल्ले वेगळ्या खणात असतात. आणि त्याच्या नोंदी तर त्याच्याकडेच."

आबांनी ब्राउझरच्या सेटिंग्ज उघडल्या. 'त्रयस्थ कुकी रोखा' यापुढची कळ बंदच होती. "नव्या भिंतींत पुष्कळदा ही आधीच चालू असते. आपली भिंत पडली जुनी. दाब."

कृत्तिकाने कळ दाबली आणि पान पुन्हा उघडलं. धागे तसेच उसळले, पण बघता बघता परक्या धाग्यांवरचे मणी एकेक करून विझले. पानाच्या मालकाच्या पांढऱ्या धाग्यावरचा तेवढा राहिला. नारिंगी धागा बिल्ल्याविनाच गेला आणि तसाच परतला. एवढ्याशा कळीने एवढं व्हावं, याचं तिला फार नवल वाटलं.

"आता कोणीच ओळखणार नाही?"

"असं नाही. काही जण पडद्याची रुंदी, अक्षरांचे प्रकार असल्या खाणाखुणांवरूनही माग काढतात. पण त्यांना अडवणारेही डोकं लढवतायत. तुझ्यासारखी शोधक पोरं त्यात आली, की बघ."

कृत्तिका मात्र तोवर चपला घालून दारात पोचली होती.

अल्फिया दुकानाच्या पायरीवर बसली होती. कृत्तिकाने एका दमात सगळं सांगितलं : बिल्ला, नारिंगी धागा, जुनी भिंत. "माझं चुकलं गं. सोमवारी सगळ्या वर्गासमोर तसं सांगते. शकीलचाचांनी काही पाठवलं नव्हतं."

"मला माहीत होतं," अल्फिया म्हणाली. "आमच्याही भिंतीवर पंधरा दिवस तोच लेप येतोय. अम्मी रोज माझे हातपाय तपासते, डाग कुठंय म्हणून. काल तर रडलीसुद्धा."

"पण तुला कुठे डाग आहे?"

"नाहीच मुळी. मी तुझ्यासाठी वाचत होते."

कृत्तिकाच्या आता सगळं ध्यानात आलं. दूरच्या कुठल्याशा यंत्रात अल्फियाच्या नंबरापुढेही डागांची नोंद झाली होती. तिने काय वाचलं हे त्या यंत्राला अचूक कळलं होतं. कोणासाठी वाचलं, ते मात्र त्याला कळलंच नव्हतं.

"मग अम्मीला सांगायचंस ना, की डाग माझा आहे!"

"कसं सांगणार? शपथ घेतली होती ना."

कृत्तिकाने अल्फियाचा हात धरून तिला उठवलं.

"चल तुमच्या घरी. आधी अम्मीला मी माझा गुडघा दाखवते. मग तुमच्या भिंतीची कळ दाबू."