येऊ द्या

स्टिअरिंग डावीकडे आणि गाड्या उजवीकडून. या देशात आल्यावर सुरुवातीला मी रोज चुकीचं दार उघडून ऐटीत बसायची आणि समोर स्टिअरिंगच नाही म्हणून ओशाळायची. "राणीसरकार, ड्रायव्हर सुटीवर आहे," नवरा म्हणायचा. त्याची नोकरी दुसऱ्या गावात. ठकीला, म्हणजे आमच्या लेकीला, शाळेत सोडणं-आणणं माझ्याच गळ्यात.

इथे हॉर्न वाजवणं म्हणजे शिवी हासडणं. बेल्टचं तर विचारूच नका, मागच्या सीटवर ठकीचं दप्तर ठेवलं तरी गाडी टूंटूं करून डोकं खाते. हे सगळं अंगवळणी पडलं. घोडं अडलं ते आमच्या इमारतीखालच्या तळघरात, गाडी लावताना. खांब जवळजवळ, जागा चिंचोळी. आपल्याकडे रिव्हर्स घेताना मागे कुणीतरी उभं राहतंच, ओळख असो नसो. इथे चिटपाखरू नाही.

गाडी शिकवणारे गृहस्थ इथलेच, आपल्या भाषेचं अक्षर न येणारे. शिकवणीच्या शेवटच्या दिवशी मी तळघरात गाडी मागे घेत असताना त्यांनी विचारलं, "येऊ द्या" म्हणजे काय? मागचा माणूस सारखं तेच म्हणतोय.

मलाही ऐकू आलं होतं. मला वाटलं, सवयीने माझ्याच डोक्यात वाजतंय.

मी लॅबमध्ये रक्त तपासणारी बाई, भुताखेतांना भीक घालत नाही. उतरून पाहिलं. भिंत, गळका पाइप, ओल्या सिमेंटचा वास.

मग तो आवाज रोजच यायला लागला. घोगरा, निवांत. खरं सांगते, मला बरंच वाटलं. परक्या मुलखात आपलं माणूस. मी काच खाली करून "आले हो" म्हणायची. मागच्या कॅमेऱ्यात मात्र कधी कुणी दिसलं नाही. आणि आवाज आधी खांबाकडून यायचा, मग डिकीपाशी, मग एके दिवशी थेट ठकीच्या काचेला लागून. एवढंसं लेकरू मागे एकटं बसलेलं. तेव्हापासून काच वर आणि तोंडाला कुलूप.

मी गाडी पुढून लावायला लागले. पण पुढून घातली की काढताना रिव्हर्स आलाच.

आज सकाळी दप्तर मुद्दाम पुढे माझ्या शेजारी, खाली ठेवलं. ठकीचा बेल्ट लावला, दारं लॉक केली, गिअर टाकला.

"येऊ द्या."

मी आरशावरून नजर हटवली नाही.

"आई, काका रोज विचारतात," ठकी म्हणाली. "येऊ दे ना त्यांना."

"बस, ठके!"

'बस' म्हटल्याबरोबर जुन्या सवयीने माझा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली.

मागची बाजू जराशी दबली.

टूंटूं सुरू झालं. समोर मागच्या सीटचा लाल दिवा लागला. ठकीच्या शेजारच्या.

दप्तर खालीच होतं.

ठकीने अंग चोरून जागा करून दिली.

"इथे बेल्ट लावायचा असतो, काका," तिने हळूच सांगितलं.

खट् झालं. टूंटूं थांबलं.