पिठाच्या डब्यातला फोन

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडीत पन्नास वर्षं मी ओपलचे खडे कमी आणि थापाच जास्त खणून काढल्या, असं खुद्द माझी बायको फोटिनी सांगत फिरते. तरी ऐका.

मार्चमधल्या एका सोमवारी मला खाणीत ओपलची नस लागली. चार बोटं रुंद, हिरव्यात लाल ठिणग्या. गुलाबी भिंतीतून ती सरळ पुढे जात होती, आणि गोची तिथेच होती. माझ्या जागेच्या हद्दीचे खुंट दहा पावलांवर संपत होते. पलीकडची जमीन मोकळी. इथे एका परवान्यावर एकच जागा मिळते. फोटिनीच्या नावाचा परवाना आधीच मागवला होता, तो गुरुवारच्या टपालाने यायचा होता. तोवर कुणाला वास लागला, तर तो तिथे खुंट ठोकून जागा आपली करणार आणि माझी नस गिळणार. गावातल्या प्रत्येक गाडीत चार खुंट तयारच असतात.

म्हणून मी फोटिनीलाही काही बोललो नाही.

त्याच संध्याकाळी फोनवर जाहिरात आली: ‘चार बोटं रुंद दगडासाठी खास करवत.’

हे माप माझ्या बोटांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

ॲडलेडला लेकीला, कालिओपीला, फोन लावला. नस सोडून बाकी सगळं सांगितलं.

“बाबा, जाहिरातवाले मागावरच असतात. काय बघतोस, कुठे जातोस, कुठे रेंगाळतोस, सगळं टिपतात. दिसेल त्याला ‘मान्य’ म्हणणं सोड. ठिकाण दाखवणं बंद कर. आणि माइक किती ॲपना दिलायस?”

“मी कुणाला काही देत नसतो.”

“मोज तरी.”

मोजले. एकोणतीस निघाले. सगळ्यांना हाकललं. वर स्वतःची अक्कलही लढवली. माग काढणाऱ्याला खोटा माग द्यावा, ही इथली जुनी रीत. पश्चिमेला खणणारा पूर्वेकडून गावात शिरतो. मी बाळाच्या दुधाच्या बाटल्या शोधल्या, नाचाचे बूट शोधले. मंगळवारभर फोन मला बाबागाड्या दाखवत होता. बहात्तराव्या वर्षी मी पुन्हा बाप होणार, याची त्याला खात्रीच पटली होती. मी खूश.

बुधवारी तर फोन बंद करून पिठाच्या डब्यात पुरला आणि खाणीत उतरलो. खाली कोरडा, खडूसारखा वास. माझ्या श्वासाखेरीज आवाज नाही. दुपारी डावा गुडघा खडकावर आपटला. शिवी हासडली, तीही मनातल्या मनात. निळी पट्टी गुंडाळलेला माझा हातोडा तिथेच टाकला, दिवा मालवला, शिडीने वर आलो आणि लंगडणं लपवत क्लबात गेलो.

झ्वोन्को, माझा जुना भागीदार आणि त्याहून जुना वैरी, फोनकडे बघत बसला होता.

“थानासी, मला आज दुपारपासून डाव्या गुडघ्याचे पट्टे का विकतायत रे? माझा तर उजवा दुखतो.”

गल्ल्यामागून क्लब चालवणारी मार्लीन म्हणाली, “मलापण तेच. आणि काल दिवसभर बाबागाड्या. या वयात!”

माझा फोन पिठात, तरी माझा गुडघा यांच्या फोनवर पोचला होता; आता नसही पोचणार.

आता थापेवाचून गत्यंतर नव्हतं. या दोघांना उलट्या दिशेला पिटाळलं की उद्यापर्यंत निभावलं असतं. मी आवाज खाली आणला. “ऐका, कुणाला सांगू नका. मला नस लागलीय. दक्षिणेच्या माळावर. आत्ताच हातोडा तिथे टाकून, दिवा मालवून आलोय.”

झ्वोन्कोचे डोळे चमकले. मार्लीनचे नाही. ती फोनकडे बघत होती.

“खोटं,” ती म्हणाली.

तिने फोन आमच्यासमोर धरला. जाहिरात हातोड्याची होती. ‘असाच हवाय? तुमच्यापासून एकोणीस किलोमीटर, उत्तरेला.’ फोटोत गुलाबी भिंत, आणि खाली निळी पट्टी गुंडाळलेला हातोडा.

झ्वोन्कोने पेला अर्धा टाकला. दार उघडलं, गरम धूळ आत आली. बाहेर त्याची गाडी सुरू झाली.

मी उठलो नाही. मला फोटोवरून नजर काढता येईना.

मार्लीनने दोन बोटांनी तो मोठा केला.

“आणि ही दुसरी थाप, म्हाताऱ्या. दिवा मालवला म्हणतोस. मग हा पेटलेला कुणाच्या हातात आहे?”