दुसरा ट्रक

खरं तर मी भिंतीवरच्या घड्याळाचा सेल आणायला गेले होते. पण त्या खेळण्यांच्या दुकानात काउंटरवरच एक छोटासा ट्रक दगडांच्या ढिगावर चढत होता... हळूहळू, हट्टाने, एकेक चाक टाकत. रिमोट हातात धरलेला दुकानदार चष्मा कपाळावर चढवून त्यात पार हरवला होता.

"हा केवढ्याला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आधी सांगा, चालवणार कुठे?" तो हसला. "गुळगुळीत रस्ता असेल तर ती लाल गाडी घ्या. सुसाट पळते. पण ती पळते आणि आपण एका जागी उभे! हा माणसाच्या चालीने चालतो. ह्याच्याबरोबर फिरावं लागतं."

फिरावं लागतं... मला तेच तर हवं होतं! दिवसभर मी लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवते. बहीण लग्न होऊन गेल्यापासून घरात माझ्याशी फक्त कुकर बोलतो. कुत्रा पाळावा, तर घरमालक डोळे वटारतात.

"आणि बरोबर कोण असेल?" त्याने विचारलं. "म्हणजे एक ट्रक अडकला की दुसऱ्याने दोरी बांधून ओढायचा. खरी मजा त्यातच."

प्रश्न साधाच होता. पण 'कोणी नाही' एवढं सांगताना जीभ अडखळली.

"आहे ना," मी म्हणाले. "त्याच्याकडे आहे एक ट्रक."

"अच्छा... त्याच्याकडे." चष्मा कपाळावरून नाकावर उतरला. त्यानंतर तो फक्त ट्रककडे बघत बोलला. ट्रक घेतला, पण सेल घ्यायचा राहिलाच.

तळ्यामागच्या माळावर मी रोज संध्याकाळी ट्रक फिरवू लागले. तो पुढे, मी मागे. लोक जोडीजोडीने जायचे, थांबून हसायचे, पुढे जायचे. अंधार पडला की ट्रक काखेत मारून मी घरी यायचे. कुलूप उघडलं की पुन्हा कुकर आणि मी.

मग कधी स्क्रू ढिला, कधी टायर सैल... आणि काही नसलं तर मीच थोडं ढिलं करायचे! दुकानात नेला की दुकानदार मन लावून दुरुस्त करायचा. लांब बोटांनी चाक फिरवून बघायचा.

"त्यांचा ट्रक ठीक आहे ना?" जाताना हमखास विचारायचा.

"मस्त आहे," मी म्हणायचे, आणि रस्ताभर स्वतःला शिव्या घालायचे. मला तो आवडत होता. आणि आमच्या दोघांच्या मध्ये मीच एक माणूस आणून उभा केला होता, जो मुळात नव्हताच!

त्या दिवशी पाऊस पडून गेला होता. ट्रक ओढ्याच्या काठावरून घसरून चिखलात रुतला. मी तशीच खाली उतरले, त्याला उपसून काढलं आणि दुकानात आले. गुडघ्यापर्यंत चिखल, एक चप्पल ओढ्यातच राहिलेली.

तो माझ्या अनवाणी पायाकडे बघतच राहिला.

"तुम्ही स्वतः उतरलात? मग त्यांनी दोरी नाही टाकली?"

"कोण टाकणार?" माझा आवाज फाटला. "कोणी नाहीये हो... पहिल्यापासून नाहीये! एकटी आहे म्हणायची लाज वाटली म्हणून बोलून गेले."

मग तो वाकला आणि काउंटरखालून एक ट्रक काढून माझ्या ट्रकशेजारी ठेवला. चाकं कोरी करकरीत, टपावर धूळ.

"हा माझा," तो म्हणाला. "गिऱ्हाइकांना मी रोज विचारतो, बरोबर कोण आहे म्हणून. मला कधी कोणी विचारलंच नाही."

मी डोळे पुसले. चिखलाचा हात गालाला लागला असणार, कारण त्याने रुमाल पुढे केला... आणि माझ्या बोटांना लागलेली त्याची बोटं लगेच मागे गेली नाहीत.

"आधी सांगा," मी त्याच्याच सुरात म्हणाले, "चालवणार कुठे?"

"तुमचा अडकेल तिथे."

"मग रोज अडकवीन हं!"

"रविवारी सकाळी या. दोरी मी आणतो."

निघताना मी आठवणीने घड्याळाचा सेल घेतला. रविवारी मला उशीर करायचा नव्हता.