राहून गेलेला सूर

भेट झाली ती चुकीनेच. तालमीच्या खोलीची एकच वेळ मालकाने दोघांना देऊन टाकली होती. ती आणि तिचा ड्रम वाजवणारा दादा दारात पोचले, तर आत एक ओलाचिंब तरुण गिटारचे कान पिळत बसलेला. बाहेर पाऊस कोसळत होता. त्याला हाकलायला दादाचं मन होईना.

"बस, आमच्याबरोबरच वाजव," दादा म्हणाला. "पण बँडमध्ये प्रेमबिम नको हं. आमचा मागचा बँड त्यानेच बुडाला."

"मी फक्त वाळायला बसलोय, दादा," असं म्हणून तो तिच्याकडे बघून हसला.

झालं! नियम तिथेच मोडला... निदान तिच्यापुरता.

ती अबोल. बोलायची ती तिची बेस गिटार. बोलावं तर बँड मोडणार, गप्प राहावं तर जीव गुदमरणार. मग तिने गाणं लिहिलं – एका मुलीच्या नको असलेल्या प्रेमाचं. न बोलावता आलेलं, हाकललं तरी पाय पसरून बसलेलं! चाल त्याने लावली, गायलाही तोच. आणि गाणं असं गाजलं की सलूनपासून दवाखान्याच्या लिफ्टपर्यंत तेच.

फक्त शेवटचा सूर ती वाजवत नसे. सगळे थांबले की बेसने मूळ सुरावर, म्हणजे गाण्याच्या घरी, येऊन टेकायचं, तर ही आधीच हात उचलायची. गाणं अधांतरी राहायचं.

"अगं मुके, घरी ये की शेवटी!" तो चिडवायचा.

"गाण्यातली मुलगी पोचली की येईन."

"अडकलीये कुठे ती?"

"दारात."

"आणि आत कोण आहे?"

ती तारा पुसायला लागायची.

सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी, पडद्यामागे तो तिच्याजवळ येऊन उभा राहिला. हातातला पाण्याचा ग्लास उगीच फिरवत म्हणाला, "सगळे विचारतात, हे गाणं कुणावर आहे. मला माहीत नाही. पण तो जो कोण असेल ना... त्याचा मला हेवा वाटतो. रोज."

तिच्या हातातून गिटारचा पट्टा निसटला. उत्तर द्यायच्या आत त्यांना स्टेजवर बोलावलं.

गाणं संपत आलं. सगळे थांबले. तिचा हात सवयीने उचलला गेला – आणि परत खाली आला. तो राहून गेलेला सूर सभागृहभर घुमला. अगदी पायांखालच्या फळ्यांपर्यंत.

तिने घाबरून मागे पाहिलं. दादाने दोन्ही काठ्या उंचावल्या आणि झांजेवर दणका दिला!

"मी मागे बसतो, आंधळा नाही!" तो ओरडला. "किती वेळ लावायचा तो!"

गायक वळला. समोरचा माइक चालूच होता, हे तो विसरला.

"पोचलीस?"

हजारो माणसांना ते ऐकू गेलं. आयुष्यात कधी माइकजवळ न गेलेली ती चार पावलं पुढे आली... त्याच्या खांद्याला खांदा लागेपर्यंत.

"पोचले," ती म्हणाली. "पाय पसरून बसणारेय आता."