सामानापुरती गाडी

टण् असा आवाज झाला आणि दुपारची शांतता मोडली.

लाइट गेलेली होती, पंखा बंद होता, गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. तनुजानं डोळे न उघडताच ओळखलं, आपल्या वाटीत आणखी एक नट पडला. बाहेर पार्किंगमध्ये तिचा नवरा इंद्रजीत जुनी येझडी मोटारसायकल खोलून बसला होता आणि काढलेला प्रत्येक नट तिच्या स्टीलच्या वाट्यांमध्ये टाकत होता. चितेगावच्या कंपनीत सहा दिवस मशिनपुढं उभं राहायचं आणि सातव्या दिवशी, गुरुवारी, घरच्या मशिनपुढं उकिडवं बसायचं, हा त्याचा आराम. वाट्यांना ऑइलचा वास लागतो म्हणून तिनं दोनदा सुनावलं होतं. मग त्यानं प्रत्येक वेळी नव्या वाट्या नेण्याऐवजी त्याच चार वाट्या कायमच्या नेल्या होत्या.

तिच्या कुशीत सार्थक झोपला होता. चार वर्षांचा, पण उचलला तर अडीच वर्षांचा वाटे. तिचा तळवा सवयीनं त्याच्या छातीवर होता. आत चिमणी कोंडल्यासारखी फडफड. जन्मापासून हृदयात दोष. वजन भरलं की ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि वजन काही भरत नव्हतं. दहा पावलं चालला की तो गुडघे छातीशी घेऊन बसायचा. ओठांवर निळसर झाक यायची. रडायचा नाही, नुसता आईकडं बघत राहायचा, जणू तिच्या हातात काहीतरी आहे आणि ती देत नाही.

सायली सात वर्षांची. ती बापाजवळ पायरीवर बसली होती, उडी मारायची दोरी गळ्यात घालून. ही पोर जन्मली तीच ओरडत. पाच वाजता दोरी घेऊन गल्लीत उतरली की दोनशेच्या आत थांबायची नाही.

पार्किंगमध्ये गाड्या दोन होत्या. काळी येझडी इंद्रजीतच्या वडिलांची, रामकिसनरावांची. ते जाऊन सहा वर्षं झाली आणि तेव्हापासून ती गाडी सुरू झाली नव्हती. सासूबाई, द्वारकाबाई, ह्याच गाडीवर नवरी होऊन आल्या होत्या. आजही सीटवरून पदरानं धूळ पुसल्याशिवाय त्या बाहेर पडत नसत. दुसरी मरून रंगाची. ती दिवाळीत देवगाव रंगारीच्या कडुबा नावाच्या एकाकडून आणलेली. जुन्या मॉडेलचं सामान आता बाजारात मिळत नाही, म्हणून हौशी लोक तीच गाडी आणखी एक घेतात आणि एकीचं काढून दुसरीला लावतात. इंद्रजीत तिला सामानापुरती गाडी म्हणायचा.

कागद करताना त्यानं दोन्ही चासींचे नंबर घासून वाचले. शेवटच्या आकड्यात एकाचाच फरक. कारखान्यातून एकीमागं एक बाहेर पडलेल्या, आणि पन्नास वर्षांनी एका पार्किंगमध्ये. इंद्रजीतला भारी गंमत वाटली. मरूनच्या टाकीवर थाप मारून तो म्हणाला, ही थोरली, आपली ती धाकटी.

त्याच आठवड्यात गयासचाचा येऊन गेले. चंपा चौकाजवळ त्यांचं गॅरेज होतं; आता डोळ्यांनी दगा दिला, तरी कानानं इंजिन ओळखत. त्यांनी मरूनची किक मारली. दुसऱ्या किकला गाडी बोलू लागली. मग त्यांनी तीच किक, येझडीत गिअरचा दांडाही तोच असतो, पुढं वळवून गिअरवर पाडली, क्लच दाबून पहिला-दुसरा बघितला. सायली टाळ्या वाजवत होती. चाचांनी गाडी बंद केली आणि बराच वेळ हात पुसत राहिले.

"ये तो चलती गाडी है, मियाँ. इसको काय को खोलते? खराब तो वो है."

"वो बाबा की है, चाचा," इंद्रजीत म्हणाला.

चाचा चहा न घेताच गेले.

पहिल्या गुरुवारी त्यानं हॉर्न काढला. अगदी किरकोळ काम, दोन बोल्ट. काळीला लावून बटन दाबलं, तशी अख्खी गल्ली दचकली. त्याच संध्याकाळी सार्थकनं, ज्याच्या तोंडून तोवर एका वेळी एकच शब्द निघायचा, गेटला धरून हाक मारली, "तायडेऽ, मला पण खेळायचंय." पलीकडच्या रो-हाऊसमधल्या सुलेखाताई बाहेर आल्या. द्वारकाबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि डोळे पुसले. तनुजा तर त्याला पुन्हा पुन्हा हाक मारायला लावत होती.

शुक्रवारी सायलीचा आवाज बसला. बर्फाचा गोळा खाल्ला असेल, सगळे म्हणाले. पंधरा दिवस गुळण्या झाल्या. शाळेत प्रार्थना सांगायचं काम दुसऱ्या मुलीला दिलं.

मग मरूनचा हेडलाइट काळीवर गेला. सार्थकचे सदा अर्धे मिटलेले डोळे टक्क उघडले; उन्हातून पाखरू गेलं तरी तो बोट दाखवी. सायली पुस्तक नाकाशी धरू लागली. तिला चष्मा लागला. वर्गातल्या पोरींनी चिडवलं, म्हणून तिनं तो दप्तरात ठेवून दिला.

तनुजा सकाळी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. बी.एस्सी. झालेली, एकच नमुना दोनदा तपासल्याशिवाय रिपोर्ट पुढं सरकवायचा नाही, ही तिची शिस्त. लेकरांची दुखणी पाठोपाठ येतात, त्यात जोडण्यासारखं काही नसतं, असं तिनं स्वतःला बजावलं.

फेब्रुवारीत इंजिनला हवा पुरवणारा कार्बोरेटर काळीवर गेला.

त्या गुरुवारी सार्थक जिना चढला. एक एक पायरी, मध्ये न बसता, थेट गच्चीपर्यंत. आणि वरून ओरडला, की लांबचा देवगिरीचा डोंगर दिसतोय. तनुजा खाली उभी राहून त्याचे ओठ बघत होती. गुलाबी होते. जन्मल्यापासून तिनं ते गुलाबी बघितले नव्हते. ती भिंतीला टेकून रडली, हसली, पुन्हा रडली.

तिच्यामागं सायली तिसऱ्या पायरीवर बसली होती. गुडघे छातीशी घेऊन.

सासूबाईंना तिनं सांगून बघितलं, पोरीला धाप लागतीय. सार्थकच्या वाटीत साय घालता घालता त्या म्हणाल्या, "पोरीची जात चिवट असती. तिला काय व्हतंय? पोरगा उभा राहिला हे बघ." त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. नातीची वेणी त्या रोज मायेनं घालत. जे सगळ्यांना ठाऊक आहे तेच त्या सांगत होत्या.

डॉक्टरांनी सायलीला तपासलं. छातीचा फोटो स्वच्छ. रक्ताचा रिपोर्ट तनुजानं स्वतः काढला, आणि नमुना दोनदा तपासला. काही नव्हतं. सार्थकच्या हृदयाचा रिपोर्ट बघून मात्र डॉक्टर म्हणाले, मशिन बदलून पुन्हा करू.

राहिली होती ती एकच तपासणी.

मंगळवारी दुपारी द्वारकाबाई देवळात भजनाला गेल्या. सार्थक हॉलमध्ये ठोकळे रचत होता, सायली पायरीवर होती. तनुजानं ओढणी कमरेला बांधली. इतके गुरुवार ती नवऱ्याला पाने देत आली होती; कुठला पाना कुठं, हे हातांना पाठ होतं. तिनं काळीची पेट्रोलची चावी बंद केली, कार्बोरेटर सोडवला, मरूनला चढवला. बोटांवर पेट्रोल गार लागलं आणि उडून गेलं. शेवटचा आटा बसला, तेव्हा ती स्वतःशीच म्हणाली, बघ, काही होत नाही.

सट्. सट्. सट्.

गेटबाहेर दोरी सुरू झाली होती.

सायली घोगऱ्या आवाजात मोजत होती. अकरा, बारा, तेरा. तनुजा फरशीवर तशीच बसून राहिली. महिनाभरात तिनं हा आवाज ऐकला नव्हता. लेकीच्या वेण्या उडत होत्या, सावली तिच्या पायांखाली उड्या मारत होती. चाळीस. साठ. पोर मध्येच हसली, आणि तनुजाला वाटलं, हे हसू आपल्याला आठवायचंही राहिलं होतं. ऐंशी झाले. तिला उठावंसं वाटेना.

मग तिच्या लक्षात आलं, आतून ठोकळ्यांचा आवाज येत नाहीये.

सार्थक सोफ्याच्या कडेला बसला होता. गुडघे छातीशी. ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे. तो रडत नव्हता. तिच्या हाताकडं बघत होता.

त्या घटकेला तिनं फोन उचलला नाही. सुलेखाताईंना हाक मारली नाही. लेकराला उचलून रिक्षाकडंही धावली नाही. ती पार्किंगमध्ये पळाली. हे तिला नंतर आठवत राहिलं. पाय आपोआप तिकडंच वळले होते.

पाना घसरत होता. बोटाचं साल निघालं. बाहेर दोरी चालूच होती.

एकशे दोन. एकशे तीन.

कार्बोरेटर मरूनवरून निघाला. काळीवर चढला.

एकशे नऊ.

तिनं आटा फिरवायला घेतला.

एकशे दहा. एकशे... अकरा.

दोरी खाली पडल्याचा आवाज झाला.

तनुजा थांबली. आतून सार्थकनं तिला हाक मारली, मोठ्यानं, खणखणीत. तिनं डोळे मिटले, आणि पाना आणखी अर्धा फेरा आवळला.

त्या रात्री जेवताना इंद्रजीत खुशीत होता. गुरुवारी ब्लॉक-पिस्टन काढायचा, म्हणजे इंजिनचं काळीजच. तेवढं बसलं की बाबांची गाडी पहिल्यासारखी; सार्थकला पुढं टाकीवर बसवून वेरूळपर्यंत न्यायचं. तिनं विचारलं, मग मरूनमध्ये काय राहील? तो म्हणाला, काय राहायचंय, सांगाडा. भंगारवाल्याला देऊ, जागा मोकळी होईल.

सायली न जेवता ताटावरच पेंगत होती.

"तिचं नको काढू," तनुजा म्हणाली.

"मग कुणाचं काढू?"

त्यानं सहज विचारलं होतं. कुणाचंच नको, असं ती म्हणू शकत होती. सगळं सांगू शकत होती; तो हसला असता, मग चिडला असता, मग कदाचित थांबलाही असता. सार्थकनं तिच्या ताटातला भाकरीचा तुकडा उचलला आणि तोंडभर खाल्ला. किती दिवसांनी आपणहून खात होता. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तर हाडांवर मांस लागत होतं.

तिनं आपली उरलेली भाकरी त्याच्यापुढं सरकवली.

बुधवारी लॅबमधून आल्यावर तिनं ऑइलच्या चारही वाट्या घासल्या. राखेनं, मग साबणानं, मग पुन्हा राखेनं. ओट्यावर ओळीनं पालथ्या घातल्या. हात काम करत होते, ती त्यांच्याकडं बघत होती. द्वारकाबाई आत आडव्या झाल्या होत्या. सायली शाळेत गेलीच नव्हती. लाइट गेली, कुलर थांबला, आणि घर एकदम गप्प झालं.

टण्.

इंद्रजीत कंपनीत होता.

तनुजानं ओट्याकडं बघितलं. पालथ्या वाट्या तीनच होत्या.

ती पार्किंगमध्ये आली. मरूनवरची ताडपत्री अर्धी सरकली होती. इंजिनखाली फरशीवर चौथी वाटी होती, आणि तिच्यात एक नट अजून स्वतःभोवती फिरत होता. तो थांबेपर्यंत ती बघत राहिली. इंजिनच्या माथ्यावर चार नट असतात. तीन उरले होते. हे नट इंद्रजीतला दोन्ही हातांनी, पाय लावून सोडवावे लागत.

शेजारच्या पायरीवर सायली बसली होती. दोरी मांडीवर गुंडाळलेली, वेणी सकाळी आजीनं घातलेली तशीच नीट. तनुजानं आधी तिची बोटं बघितली. उलटी, सुलटी, नखांत. स्वच्छ होती. गार होती.

हॉलमधून सार्थकची पावलं ऐकू येत होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावत होता आणि एकटाच खिदळत होता.

सायलीनं काहीतरी विचारलं. आवाज इतका खोल गेला होता, की तनुजाला खाली वाकून तिच्या ओठांशी कान न्यावा लागला. ओठ निळे होते.

"आई, चाचा म्हणाले ना, ही चांगली होती. मग सामानापुरती हीच का?"